माप, उधारी आणि बाजारहाट



नारायणगावला किंवा मंचरला आज बाजारहाट करायला निघालेल्या माणसापुढे दुकानांची वाण नाही. ओळखीचा वाणी आहे, आठवड्याचा बाजार आहे, आणि आपल्या हाताने माल उचलून टोपलीत टाकायचे सुपरमार्केटही आले आहे. चार ठिकाणी भाव विचारावा, जे जिथे स्वस्त ते तिथून घ्यावे, महिन्याकाठी चार पैसे गाठीला बांधावेत, हे कुणालाही सुचेल. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? इतिहास असा, की आपल्या आज्या-पणज्यांनाही हे सुचत होते. पण तसे करण्याची सोय त्यांना नव्हती. ती का नव्हती, तेवढेच आज सांगायचे आहे.

जुन्नर हे काही आजकालचे बाजाराचे गाव नव्हे. कोकणातला माल नाणेघाट चढून इथे यायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. गोष्ट सुमारे 1800 वर्षांपूर्वीची. म्हणजे विकणाऱ्यांचा संघ तेव्हापासून होता. धान्य विकत घेणाऱ्यांचे लेणे मात्र अजून कुणाला सापडलेले नाही!

आता मापाकडे या. पूर्वी खेड्यात धान्य तोलत नसत, मापत असत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. कोष्टक मुलांना तोंडपाठ असायचे. पण कोष्टक एक असले तरी भांडे एक नव्हते. या गावची पायली त्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नाही. तोलायच्या मणाचीही तीच गत: मुंबईचा मण 28 पौंडांचा, आणि रेल्वेवर चालणारा बंगाली मण 82 पौंडांहून थोडा जास्त. शब्द तोच, माल जवळजवळ तिप्पट. पुन्हा शेर दोन तऱ्हेचा, कच्चा आणि पक्का. जुन्नरच्या रविवारच्या बाजारात ज्वारी अमक्या भावाने आणि बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात तमक्या भावाने, असे ऐकून घरधनीण काय ताडणार? भाव कळायचा, माप कळायचे नाही.

आणि शीग? माप भरून वर जी निमुळती रास राहते ती शीग. शेतकऱ्याकडून घेताना शीग लावून घ्यायचे, त्यालाच विकताना हात फिरवून काठाशी सपाट करून द्यायचे. मापारी ‘एक’ म्हणायचा नाही, ‘लाभ’ म्हणायचा. लाभ कुणाचा, ते विचारायची पद्धत नव्हती. सगळेच दुकानदार असे होते असे मी म्हणत नाही. पण सचोटीचा दुकानदारही आपलेच भांडे वापरी.

पण समजा, माप कळले. तरी दुसऱ्या दुकानात जायला हात मोकळा हवा, आणि तो उधारीने बांधलेला होता. वाणी आणि सावकार पुष्कळदा एकच माणूस. मीठ, तेल, बियाणे त्याच्याकडून वहीवर आणायचे आणि सुगीला धान्य त्याच्याच खळ्यावर घालायचे. ज्याच्या वहीत आपले नाव आहे, त्याच्या दारावरून दुसऱ्याच्या दुकानात पिशवी घेऊन जाणे सोपे नव्हते. (जुन्नर हाताने केलेल्या कागदासाठी नावाजलेले होते. त्या कागदाच्या किती खातेवह्या झाल्या असतील, कोण जाणे!)

आंबेगाव-जुन्नरच्या शेजारच्याच शिरूर तालुक्यात, कर्डे गावी, 1874 च्या डिसेंबरात लोकांनी ठरवले की सावकारांच्या दुकानातून काही घ्यायचे नाही. न्हावी, परीट, चांभार यांनीही त्यांचे काम सोडले. पुढे 12 मे 1875 रोजी भीमथडीत सुपे या बाजाराच्या गावी दंगा झाला, खतपत्रे जाळली गेली, आणि लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आपण या प्रकरणाला सावकारांविरुद्धचे दंगे म्हणतो, ते खरेच आहे. पण त्याची सुरुवात ‘या दुकानात पाऊल टाकणार नाही’ या साध्या गोष्टीने झाली, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे.

हात हळूहळू मोकळा झाला. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एस. टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढे लांबचा बाजारही जवळ आला. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. एका आण्याचे सव्वासहा पैसे, त्यावरून दुकानादुकानांत काय हुज्जत झाली असेल! मापाचा कायदा 1956 चा. किलोची वजने 1958 च्या ऑक्टोबरपासून ठिकठिकाणी येऊ लागली आणि एप्रिल 1962 पासून ती देशभर सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर 933 ग्रॅमचा, म्हणजे किलो त्याहून 67 ग्रॅमने मोठा. शेराला रुपया पडणारी वस्तू किलोला एक रुपया सात पैशांना मिळणे रास्त. त्याच्या वर जे घेतले, ती भाववाढ. हा हिशेब ज्या बाईला आला ती फसली नाही. पुढे 1974 साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा कुठे घेणाऱ्यांचाही संघ झाला.

आता वाटेल, किलो आला, भांडण मिटले. तसे नाही. पूर्वी बऱ्याच वस्तूंच्या पाकिटांची वजने ठरवून दिलेली होती. 2021 च्या दुरुस्तीने ते बंधन काढले आणि त्याऐवजी पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापायला सांगितले. म्हणून आता पाकीट किलोचे वाटते आणि निघते 850 ग्रॅमचे. समजा, असे पाकीट 102 रुपयांना आहे आणि शेजारच्या दुकानात सुटा माल 115 रुपये किलो आहे. स्वस्त कोणता? पाकीट किलोला 120 रुपये पडले. शिवाय त्या दुकानापर्यंतचे एस. टी.चे तिकीट धरा. पाच रुपयांसाठी वीस रुपये भाडे घालणारेही मी पाहिले आहेत. उधारीचेही तसेच. ती आजही वाईट नाही, अडीनडीला वाणीच उपयोगी पडतो. पण वहीवर आणलेल्या मालाचा भाव रोखीच्या भावाशी एकदा ताडून पाहा.

गुरुजींनी एक करावे. माळ्यावर जुनी पायली, शेर, मापटे पडलेले असते. नव्या सुनेला ओलांडायला आपण तेच उंबऱ्यावर ठेवतो. मुलांना ती भांडी शाळेत आणायला सांगा. एकदा काठोकाठ आणि एकदा शीग लावून बाजरी भरा, दोन्ही वेळा तोला, आणि प्रत्येक घरच्या शेराचे ग्रॅम फळ्यावर लिहून काढा.