वजडीची पालखी आणि बीजेची पंगत

थोरले तात्या, म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, इंग्रजी अमदानीत मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यावर वरकामाला होते. गावी पालीला आले की रात्री ओसरीवर त्यांची ठरलेली गोष्ट निघे. "थंडीच्या दिसांत साहेब लोकांचं एक जेवण असायचं. समदे उभे. म्होरं एक गडी पिशवीची सनई फुकतोय, मागनं खानसामा ताटात वजडी घेऊन येतोय. वजडीची पालखी! मंग एक साहेब सुरी उगारून तिच्याम्होरं कविता म्हणायचा." तात्या माळकरी. एवढं सांगून ते हटकून कानाला हात लावीत.

घरातले हसत. पण तात्या सांगत होते ते अक्षरशः खरं होतं. ते बर्न्स सपर. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा शेतकरी कवी, जन्म 25 जानेवारी 1759चा. मेंढीच्या कोथळ्यात काळीज, फुफ्फुसं, ओट आणि कांदा भरून शिजवतात त्या हॅगिसवर त्याची कविता आहे; ती म्हणत पदार्थ कापायचा हा रिवाज. तो 1796 साली गेला आणि पाच वर्षांनी त्याच्या जन्मघरी मित्रांनी पहिली पंगत मांडली. पुढे स्कॉटिश माणूस पोटासाठी जिथे जिथे गेला तिथे हे जेवण गेलं, आणि जेवणाच्या निमित्ताने गरजूंसाठी पैसे गोळा करायची चालही रुजली. गंमत अशी की 1786 साली बर्न्स स्वतः गरिबीला कंटाळून जमैकाला निघाला होता. पहिलं पुस्तक खपलं म्हणून राहिला. त्याच्या नावाने परमुलखात जेवणाऱ्यांना मात्र असं पुस्तक लाभलं नव्हतं.

मुंबईत स्कॉटिश मंडळींचा राबता जुना. अनाथ मुलींसाठी 1847 साली त्यांच्या मिशनऱ्यांनी काढलेल्या आश्रमाचंच पुढे माहीमचं बॉम्बे स्कॉटिश झालं.

आमची मावळातली माणसंही मुंबईला पोटासाठीच गेली. राजगडाच्या पाली दरवाजाची वाट आमच्या गावावरून जाते, पण गडाच्या कौतुकाने पोट भरत नाही आणि भातखाचरं एका पिकाची. गोदी, गिरणी, दाणाबंदर. माणसं गाळ्यात राहायची. पाळी संपवून एक आला की दुसरा उठायचा, वळकटीची जागा तीच. जेवण खानावळीत, हिशेब महिन्याचा. अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आजोबांच्या खानावळवालीला त्याआधी सावकाराशिवाय दुसरा आधार नव्हता.

या गाळ्यातच दर पगाराला वर्गणीची वही फिरायची. आमचाही एक कवीच: फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज. तोही कुणबी, त्याचंही दिवाळं निघालेलं. त्याच्या नावाने गावाकडे सप्ताह, काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. खर्च मुंबईकरांचा, राबणं गावकऱ्यांचं.

एक वही आजीने जपून ठेवली होती. लाल कापडी पुठ्ठा, तेलाचे डाग, कोपरे झिजलेले. आधी नाव; हुद्दा नाही, फक्त गिरणीचं खातं: साचा, स्पिनिंग, फोल्डिंग. पुढे रक्कम. काल्याच्या दिवशी ती पारावर मोठ्याने वाचली जाई, आणि ज्याचा आकडा घसरला त्याची बायको त्या वेळी मुद्दाम पाणी आणायला जाई, असं आजी सांगे.

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. गाळ्याचं भाडं थकलं तशी माणसं गावी परतली, आणि पुढच्या बीजेला वहीत मुंबईच्या नावांपुढे नुसत्या रेघा. सप्ताह होणार कसा? आजी म्हणे, बायकांनीच ठरवलं: घरटी पायली-पायली तांदूळ, डाळ आपापल्या मनाने, गूळ एका वाण्याकडून उधार. चुलाणावर काहिल चढली. पंगतीत संपकरी आपापल्या पोरांना घेऊन बसले. सात दिवस दोन्ही वेळ. महाप्रसाद असल्यामुळे कुणी कुणाला जेवू घातलं असं झालं नाही. ज्यांच्या घरी चूल थंड होती तेही "वाढा की अजून" असं हक्काने ओरडत होते. वाढपी आमटीची बादली घेऊन धावताना त्या पानांवर जरा जास्त थांबत, एवढंच.

तिकीट लावून, भाषणं करून, आकडा जाहीर करून दान गोळा करायची साहेबी रीत मला वाईट वाटत नाही. त्याने पैसा उभा राहतो. पण तिथे घेणारा पंगतीला नसतो. आमच्याकडे तो मधल्याच पानावर असतो, आणि ते पान कुठलं हे फक्त वाढप्याला ठाऊक.

आता गाळे गेले. नातवंडं धायरी-नऱ्ह्यात, वर्गणी फोनवरून येते, आणि देणगीदारांची नावं फ्लेक्सवर कोणत्या क्रमाने छापायची यावर बैठकीत आवाज चढतात. यंदा लापशी की बुंदी यावरच निम्मी रात्र गेली. लापशी ठरली, कारण बुंदीचा आचारी पैसे आगाऊ मागत होता.