‘पूर्ण उतरू दे, मगच लाव’ हा नियम आला कुठून?

मे महिन्यात खामगावला घरी गेलो, तर बारावीतल्या आत्येबहिणीचा टॅब मागून फुगलेला. सगळ्या नोट्स त्यातच. पत्र्याची खोली, रात्रभर चार्जिंग, आणि टॅब उशीखाली. आत्या म्हणाली, “मी तं तिला सांगतलं होतं, पुरी उतरू दे, मंगच लाव. तरी असं कसं झालं?”

आत्याचा नियम खोटा नव्हता. फक्त तो दुसऱ्या बॅटरीचा होता.

१८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने निकेल-कॅडमियम बॅटरी बनवली. सुरुवातीच्या मोबाईलमध्येही तीच असायची. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केली, की ती लवकर उतरल्यासारखी वागे. यालाच ‘मेमरी इफेक्ट’ म्हणतात. म्हणून पूर्ण उतरवा, मग पूर्ण भरा.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. २००३ चा नोकिया ११०० गावोगावी पोचला, त्यातही लिथियमच होती. बॅटरी बदलली, सल्ला मात्र तोच राहिला. त्यात लोडशेडिंगची वर्षं! लाईट आली की आधी फोन लावायचा. शंभर टक्के म्हणजे निश्चिंती. तेव्हा ते बरोबरच होतं.

पण लिथियमला मेमरी इफेक्टची भीती नसते. तिला त्रास होतो तो दोन गोष्टींचा: खूप वेळ शंभर टक्क्यांवर राहणं आणि उष्णता. चार्जर वेळेवर थांबतो हे खरं, पण भरलेल्या सेलवर ४.२ व्होल्टच्या आसपास ताण असतो. त्यात आतली रसायनं लवकर खराब होतात, गॅस होतो, बॅटरी फुगते. खामगाव-मलकापूरचा चाळीशीपलीकडचा उन्हाळा हे काम आणखी लवकर करतो.

मग करायचं काय? रोज २० ते ८० टक्क्यांत ठेवा. सेटिंगमध्ये ८० ची मर्यादा असेल तर चालू करा. चार्जिंगला लावताना टॅब गादी-उशीवर नको, फरशीवर ठेवा. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धा भरून थंड जागी ठेवा. लाईट जाणार असेल तर बिनधास्त १०० करा, रोज मात्र नको. आणि फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

बॅटरी बदलली, नोट्स वाचल्या. आता टॅब फरशीवर असतो, आणि ८० झाले की आत्याच ओरडते, “काढ वो बाई!”

भेटू पुढच्या भागात.