मॅकिनॉ सामुद्रधुनी

मॅकिनॉ सामुद्रधुनी ही अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एक सामुद्रधुनी आहे. ती मिशिगन व ह्युरॉन या महासरोवरांना जोडते आणि राज्याचे वरचे व खालचे द्वीपकल्प एकमेकांपासून विलग करते. दोन्ही सरोवरांची जलपातळी समान असल्याने जलशास्त्राच्या दृष्टीने ती एकच सरोवर मानली जातात. ‘मिशिलिमॅकिनॅक’ या स्थानिक नावाचे हे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ परंपरेने ‘मोठे कासव’ असा सांगितला जातो.

इतिहास

हा प्रदेश ओजिब्वे व ओडावा लोकांचा होय. १६७१ मध्ये फ्रेंच धर्मप्रसारक जाक मार्केत याने उत्तर किनाऱ्यावर सेंट इग्नेस येथे केंद्र स्थापले. लोकरीच्या कातड्यांचा व्यापार जलमार्गाने चालत असल्याने या सामुद्रधुनीवर ताबा असणाऱ्याकडे पश्चिमेकडील सरोवरप्रदेशाची किल्ली असे. फ्रेंचांनी १७१५ च्या सुमारास दक्षिण किनाऱ्यावर मिशिलिमॅकिनॅक किल्ला बांधला. पुढे तो ब्रिटिशांकडे गेला. २ जून १७६३ रोजी ओजिब्वे लोकांनी किल्ल्याबाहेर चेंडूचा सामना आरंभिला आणि चेंडूमागे धावण्याच्या निमित्ताने आत शिरून किल्ला जिंकला.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी आपले ठाणे मॅकिनॉ बेटावर हलविले. १७९६ मध्ये ते अमेरिकेला मिळाले. १७ जुलै १८१२ रोजी ब्रिटिशांनी ते न लढता पुन्हा घेतले. युद्ध सुरू झाल्याची वार्ता अमेरिकन शिबंदीपर्यंत पोहोचलीच नव्हती. १८१४ मधील अमेरिकन हल्ला फसला. गेंटच्या तहानंतर, १८१५ मध्ये, बेट अमेरिकेला परत मिळाले.

पूल

१९२३ पासून राज्य शासनाच्या फेरीबोटी मोटारी पलीकडे नेत असत. शिकारीच्या हंगामात वाहनांना तासनतास ताटकळावे लागे. अभियंता डेव्हिड स्टाइनमन याच्या आराखड्यानुसार १९५४ मध्ये पुलाचे काम सुरू झाले व १ नोव्हेंबर १९५७ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. बांधकामात पाच कामगारांचा मृत्यू झाला. पुलाची एकूण लांबी ८,०३८ मी. असून झुलत्या भागाचा मुख्य गाळा १,१५८ मी. आहे. मनोरे पाण्यापासून १६८ मी. उंच आहेत.

१९४० मध्ये टॅकोमा नॅरोज पूल वाऱ्याने कोसळला होता. तो अनुभव लक्षात घेऊन झुलत्या भागातील आतल्या मार्गिका पोलादी जाळीच्या केल्या आहेत. त्यांतून वारा आरपार जातो.

वाहतूक

मोटारींची वेगमर्यादा ताशी सुमारे ७२ किमी, तर मालमोटारींची ३२ किमी आहे. जाळीवरून जाताना टायरांचा घुमणारा आवाज येतो व खाली पाणी दिसते. मध्यभागी रस्ता पाण्यापासून सुमारे ६० मी. उंच आहे. वारा वाढल्यास वेग कमी केला जातो, उंच वाहने थांबविली जातात आणि वादळात पूल पूर्ण बंद होतो. सप्टेंबर १९८९ मध्ये एक छोटी मोटार कठड्यावरून खाली पडून चालक महिलेचा मृत्यू झाला. उंचीची भीती वाटणाऱ्यांचे वाहन पुलाचे कर्मचारी स्वतः चालवून पलीकडे नेतात.

पर्यावरण

पुलाच्या पश्चिमेस, तळावर १९५३ मध्ये टाकलेल्या ‘लाइन ५’ या जोड तेलवाहिन्या आहेत. एप्रिल २०१८ मध्ये एका जहाजाच्या नांगराने त्यांना पोचे पडले. तेलगळती झाली नाही, मात्र जवळच्या वीजवाहक तारांतील द्रव पाण्यात मिसळला. तेव्हापासून या वाहिन्यांच्या भवितव्याविषयीचा वाद तीव्र झाला. १८३६ च्या तहात राखून ठेवलेल्या मासेमारीच्या हक्कांच्या आधारे स्थानिक आदिवासी राष्ट्रांनीही त्यांना विरोध केला आहे.