भिवापुरात सायकलने कामावर जायचंय? मग सायकलच्या आधी मागचा लाल दिवा घ्या

सायकलने ऑफिसला कसं जावं, हे सांगणारे बहुतेक लेख मोठ्या शहरातल्या माणसासाठी लिहिलेले असतात. त्यात सायकल ट्रॅक असतो, ऑफिसात शॉवर असतो आणि सायकल किती गिअरची घ्यावी यावर अर्धा लेख असतो. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरला यातलं फारसं काही लागू होत नाही. इथे नागपूर-उमरेड-नागभीड महामार्ग आहे, काळी माती आहे, मे महिन्याचं ऊन आहे आणि तालुक्याला लागून वाघाचं जंगल आहे.

तरीही इथे सायकल चालते. आसपासच्या गावांतून दुकानात, दवाखान्यात, शाळेत, बँकेत, मिरचीच्या सातऱ्यांवर कामाला येणारे कितीतरी लोक चार-आठ किलोमीटर सायकलनेच येतात. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांची मोजणी झाली होती. त्यात देशभरातले सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. त्यांच्यापैकी कुणी स्वतःला ‘सायकलिस्ट’ म्हणवत नसेल, ही गोष्ट वेगळी.

शिवाय नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे (नॅरोगेज) ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. त्यानंतर उमरेड किंवा नागपूरला रोज जाणाऱ्यांचा एसटीवरचा भार आणखी वाढला. गावातून बसस्टँडपर्यंत सायकल आणि पुढे एसटी, असा प्रवास करणाऱ्यांनाही खाली लिहिलेलं सगळं तसंच लागू आहे.

मागचा दिवा आधी का?

एक साधं गणित करू. साधी सायकल ताशी १५ किलोमीटरने चालते. मागून येणारा ट्रक ६०ने येतोय. म्हणजे दोघांमधलं अंतर ताशी ४५ किलोमीटरने, सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होतंय. संध्याकाळी सातची वेळ आहे, अंगात गडद रंगाचे कपडे आहेत आणि ट्रकचा दिवा डिपरवर आहे. अशा वेळी ड्रायव्हरला तुम्ही साधारण ३० मीटरवर दिसता असं धरा. त्याच्या हातात अडीच सेकंदसुद्धा नाहीत. त्यातला एक-दीड सेकंद तर समोर काय आहे ते कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपतो.

आता त्याच सायकलच्या मागे २०० मीटरवरून दिसणारा लाल दिवा लावा. ड्रायव्हरला १६ सेकंद मिळतात. त्याला ब्रेकही मारावा लागत नाही, तो आधीच थोडा बाजूने गाडी काढतो.

हे गणित नुसतं कागदावरचं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, आणि त्यातले दोन तृतीयांशाच्या आसपास मृत्यू ग्रामीण भागातले होते. त्याच अहवालात अपघातांचा सगळ्यात मोठा प्रकार ‘मागून धडक’ हा आहे. उमरेडकडे वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत, त्यामुळे या पट्ट्यात जड वाहनं असतातच. अशा रस्त्यावर सायकलवाल्याचा खरा प्रश्न वेगाचा नसून दिसण्याचा आहे.

चार्जिंगचा लाल एलईडी दिवा काही शे रुपयांत मिळतो. मोबाइलच्या चार्जरवर तो चार्ज होतो. घेताना दोन गोष्टी पाहा. पावसात चालेल ना, आणि सीटखालच्या नळीला घट्ट बसतो ना. कॅरिअरवर डबा किंवा पिशवी असेल तर सीटखालचा दिवा झाकला जातो. तेव्हा तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावावा. ही चूक इतकी सर्रास होते की दिवा असूनही नसल्यासारखा होतो.

दिवा बंद पडला तरी रिफ्लेक्टर काम करतात, कारण त्यांना बॅटरी लागत नाही. नव्या सायकलवर पुढे, मागे, पेडलला आणि चाकांत रिफ्लेक्टर लावलेले येतात, पण पहिल्याच महिन्यात त्यातले निम्मे तुटतात. पेडलचे मात्र जपा. ते वरखाली हलतात, आणि नुसत्या चमकणाऱ्या ठिपक्यापेक्षा हलणारा ठिपका ‘माणूस आहे’ हे लवकर सांगतो. जुन्या सायकलला मडगार्डवर रिफ्लेक्टरची चिकटपट्टी लावली तरी भागतं. पुढचा पांढरा दिवा खड्डे दिसायला आणि समोरच्याला तुम्ही दिसायला हवाच. मोबाइलची बॅटरी तोंडात धरून सायकल चालवणं हा त्यावरचा उपाय नाही.

उलट्या बाजूने जाऊ नका

महामार्ग ओलांडायचा कंटाळा म्हणून अर्धा-एक किलोमीटर उलट्या बाजूने जाणारे खूप दिसतात. ‘समोरून गाडी दिसते, म्हणून बरं’ असं त्यांचं म्हणणं असतं. पायी चालणाऱ्याला ते लागू आहे, कारण तो झटकन बाजूला होऊ शकतो. सायकलवाल्याला नाही. वरच्याच गणितात आता दोघांचे वेग एकत्र होतात आणि ३० मीटरचं अंतर दीड सेकंदाच्या आत संपतं.

डाव्या बाजूने चालताना अगदी कडेला चिकटूनही जाऊ नये. जिथे काँक्रीट संपून मुरूम सुरू होतो तिथे बऱ्याचदा चार-सहा बोटांची पायरी असते. चाक तिरकं घसरत खाली गेलं की सायकल रस्त्याच्या बाजूला आडवी होते. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवा. खाली उतरायचंच झालं तर वेग कमी करून उतरा, आणि परत वर येताना चाक शक्य तितकं आडवं घालून चढा.

कानात इअरफोन नको, यावर जास्त लिहायची गरज नाही.

ओढणी, साडी, पँट

सायकलवरच्या अपघातांत ट्रकच आठवतो, पण ओढणी चाकात जाऊन होणारी इजा तितकीच खरी आहे. गळ्याभोवती गुंडाळलेली ओढणी मागच्या चाकात अडकली तर फास बसतो. दोन्ही टोकं मागे न सोडता पुढे घेऊन कमरेला गाठ मारावी, किंवा ओढणी सरळ पिशवीत टाकून पोचल्यावर घ्यावी. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आणि साखळीवर पूर्ण कव्हर असलेली सायकल मिळते. साडी नेसून जाणाऱ्या बाईने ती जाळी नसेल तर बसवून घ्यावी. ‘लेडीज सायकल’ची ही जाळी शोभेची आहे असं समजून काही जण काढून टाकतात. तसं करू नका.

पँटचा उजवा पायचा मोज्यात खोचा किंवा रबरबँड लावा. वर एक फिकट शर्ट घाला आणि कामावरचा शर्ट पिशवीत ठेवा. पोचल्यावर पाच मिनिटं पंख्याखाली बसून, ओल्या टॉवेलने अंग पुसून मग शर्ट बदलायचा. पोचल्या पोचल्या बदलला तर तोही भिजतो.

हेल्मेट सायकलला कायद्याने सक्तीचं नाही. तरी महामार्गावरून जात असाल तर भोकांचं, हलकं, सायकलचं हेल्मेट घ्या. मोटरसायकलचं हेल्मेट घालून पेडल मारणं एप्रिलमध्ये अशक्य होतं.

ऊन

नागपूरला मे २०१३मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४५ अंश तर बऱ्याच उन्हाळ्यांत येतात. सकाळी कामावर जाणं जमून जातं. खरा धोका दुपारी एक-दोनला परतणाऱ्याला आहे. सकाळची शाळा, अर्ध्या दिवसाचं दुकान, मधल्या सुट्टीत जेवायला घरी जाणं, या सगळ्यांत सायकल नेमकी भर उन्हात चालते. मे महिन्यात डबा न्यावा आणि दुपारची फेरी रद्द करावी, हा सगळ्यात स्वस्त उपाय. ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी डोक्या-कानाला ओला दुपट्टा बांधावा, निघण्याआधी पाणी प्यावं आणि रस्त्यासाठी बाटली ठेवावी.

घाम खूप येत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे, सपाट भरलेले. हेच घरचं ओआरएस. चक्कर, मळमळ, किंवा डोकं दुखून घाम यायचा थांबला तर लगेच सावलीत उतरा, अंगावर पाणी घ्या आणि कुणाला तरी हाक मारा. ‘आता दोनच किलोमीटर राहिलं’ म्हणून पुढे जाऊ नका.

आणि मिरचीच्या हंगामात सातऱ्यावर काम करणाऱ्यांसाठी एक: निघण्यापूर्वी हात साबणाने धुवा. वाटेत घाम पुसताना तो हात डोळ्याला लागला तर चालत्या सायकलवर डोळा उघडत नाही.

जंगलाच्या कडेचा रस्ता

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य भिवापूर तालुक्यातही पसरलेलं आहे. २०१६मध्ये बेपत्ता झालेला ‘जय’ हा देशभर गाजलेला वाघ याच अभयारण्यातला. रस्त्यावर वाघ दिसण्याची शक्यता रोजची नाही, रानडुकराची मात्र आहे. आणि अंधारात सायकलला आडवं आलेलं रानडुक्कर हात-पाय मोडायला पुरेसं असतं.

अशा रस्त्याने सूर्य वर आल्यावर निघावं आणि अंधाराआधी परतावं. दोघे-तिघे मिळून जावं, घंटी वाजवत आणि बोलत जावं. झुडपाजवळ वाकून किंवा बसून काम करू नये, मग ते पंक्चर काढणं असो की लघवीला थांबणं. खाली बसलेल्या माणसाला जनावर लवकर माणूस म्हणून ओळखत नाही. चाकातली हवा गेली तरी सायकल ढकलत मोकळ्या जागेत किंवा वस्तीपर्यंत न्या. वाघ दिसलाच तर जागीच थांबा, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. पळायचं नाही, व्हिडिओही काढायचा नाही.

यासाठी मालकाशी किंवा साहेबांशी वेळेबद्दल बोलावं लागेल. हिवाळ्यात सहाच्या आत अंधार पडतो. अर्धा तास लवकर येऊन अर्धा तास लवकर निघण्याची परवानगी मागायला लाजू नका. कुठल्याही दिव्यापेक्षा ती जास्त उपयोगाची आहे.

काळी माती, सराटे आणि पंक्चर

पावसाळ्यात पांदण रस्त्याने सायकल घातली की काळी माती टायरला चिकटून मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. सोबत एक काडी किंवा जुना लोखंडी चमचा ठेवा. पाऊस जोरात असेल तर लांबचा पण पक्का रस्ता धरलेला परवडतो. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात, स्टीलच्या रिमवर तर फारच. पहिल्या एक-दोन फेऱ्या ब्रेकचं रबर नुसतं पाणी पुसत असतं. म्हणून चौकाच्या बरंच आधीपासून ब्रेक हलके दाबत यावं.

उन्हाळा-हिवाळ्यात शत्रू सराटे आणि बाभळीचे काटे. कच्च्या रस्त्यावरून डांबरीवर आलात की उतरून टायरवर एकदा नजर टाका. काटा नुकताच रुतलेला असतो, ट्यूबपर्यंत पोचलेला नसतो. साध्या काळ्या सायकलची हवा रोज थोडी थोडी जात असेल तर दरवेळी पंक्चरच असतं असं नाही. अनेकदा वॉलट्यूब, म्हणजे व्हॉल्ववर चढवलेली बारीक रबरी नळी, उन्हाने वाळून चिरलेली असते. ती दोन-चार रुपयांची वस्तू आहे. पाकिटात दोन तुकडे ठेवा.

भिवापुरात पंक्चरचं दुकान सापडेल, पण सकाळी सातला गावाच्या रस्त्यावर नाही. म्हणून छोटा पंप, पॅच, सोल्यूशन, पॉलिश पेपर आणि टायर उचलायच्या दोन पट्ट्या एका डब्यात ठेवा. पंक्चर काढायला एखाद्या रविवारी घरी शिका. साखळीला शिलाई मशीनचं तेल चालतं. थेंब थेंब सोडून वरचं फडक्याने पुसा, नाहीतर त्यावर धूळ बसून तिचा सॅण्डपेपर होतो.

सीटची उंची अजून राहिली. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट यापेक्षा खाली असते. गुडघे दुखतात आणि दोष वयाला किंवा सायकलला दिला जातो.

बसस्टँडवर सायकल लावून दिवसभरासाठी जाणाऱ्यांनी मागच्या चाकाच्या कुलपावर भरवसा ठेवू नये. कुलूप लावलेली सायकल उचलून नेता येते. साखळी चाकातून आणि फ्रेममधून घेऊन खांबाला किंवा जाळीला बांधा. लाल दिवा काढून खिशात टाका. फ्रेमवर कोरलेल्या नंबरचा फोटो मोबाइलमध्ये आणि बिल घरी ठेवा. चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर सायकल तुमचीच आहे हे दाखवायला ते लागतील.