रसविघ्न आणि दूरचित्रवाणी : नातेपुत्याच्या संदर्भात

दूरचित्रवाणी पाहण्यातला आनंद ओसरला, ही तक्रार आता केवळ शहरी राहिलेली नाही. मराठी समीक्षेने तिची दखल घेतली ती बहुधा अभिरुचीच्या ऱ्हासाच्या अंगाने : कार्यक्रम हिणकस झाले, प्रेक्षक बिघडला. हे निदान अपुरे आहे. उणावले ते प्रेक्षकाचे आस्वादसामर्थ्य, की त्या सामर्थ्याला आधार देणारी परिस्थिती, याचा निर्णय इतिहासाकडे वळल्याशिवाय होत नाही.

माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे फलटणहून पंढरपूरकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. ज्ञानेश्वरांच्या पालखीचा सोलापूर जिल्ह्यातील पहिला मुक्काम येथे पडतो. ठरलेल्या दिवसाची वाट पाहणे आणि समूहाने दर्शन-श्रवण करणे या गोष्टी अशा गावाला दूरदर्शनने शिकवलेल्या नाहीत. उलट दूरदर्शनला त्या आयत्या मिळाल्या. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तरी पुण्यामुंबईपासून दूरच्या ग्रामीण भागात चित्र सर्रास पोचू लागले ते १९८३ साली 'इन्सॅट-१बी' हा उपग्रह अवकाशात गेल्यावर आणि देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभी राहिल्यावर. 'रामायण' (१९८७-८८) आणि 'महाभारत' (१९८८-९०) यांचा ग्रामीण प्रेक्षक या टप्प्यात घडला. संच थोडे, माणसे पुष्कळ; वाहिनी एक आणि वेळ रविवार सकाळची. ज्याच्या घरी संच, त्याची ओसरी ही सभा. भाग संपला की पुढचे सहा दिवस कथा बोलण्यातून चालू राही.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे. त्यावरचा उपाय म्हणून तो वाद्य, गान, सजवलेला मंडप अशा नाट्यबाह्य वाटणाऱ्या गोष्टींचा उल्लेख करतो. येथे त्याची सूक्ष्म दृष्टी दिसते : प्रेक्षक सहृदय होतो तो एकट्याच्या बळावर नव्हे. भरलेली ओसरी आणि नेमका वार हाच त्या काळच्या दूरचित्रवाणीचा मंडप होता. मालिकांचा कलात्मक दर्जा बेताचाच होता, हे मान्य करूनही असे म्हणता येते.

रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली दूरचित्रवाणीचे लक्षण म्हणून 'प्रवाह' ही संकल्पना मांडली : सुटे कार्यक्रम नव्हेत, तर एकात एक मिसळलेला अखंड क्रम. आपल्याकडील पहिल्या टप्प्याला ती पुरती लागू पडत नाही. प्रसारण ठराविक तासांचे, शिवाय वीज जाई, आणि 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी तर परिचयाचीच. ही उघड विघ्ने. पण त्यांनी रसभंग झाला नाही. कुतूहल वाढलेच असावे. रसभंग केला तो न थांबण्याने. १९९२ मध्ये 'झी', १९९९ मध्ये 'अल्फा मराठी', हाती रिमोट, आणि पुढे 'चार दिवस सासूचे'सारखी ३,००० हून अधिक भागांची दैनिक मालिका. जिला शेवटच दृष्टिपथात नाही अशा कथेत निर्वहणसंधी कुठून यावी? सर्वकाळ उपलब्ध असलेल्या गोष्टीची वाट पाहता येत नाही. आणि घरोघर, खोलोखोली संच आल्यावर प्रेक्षक पुन्हा निजसुखाच्या स्वाधीन होतो.

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवले गेले, तेही रोज. प्रेक्षकसंख्येचे उच्चांक जाहीर झाले. पण संख्येने पाहणे सिद्ध होते, आस्वाद नव्हे. संहिता तीच होती, प्रेक्षकही पुष्कळसे तेच. साप्ताहिक अंतर मात्र गेले होते आणि शेजाऱ्याच्या ओसरीवर बसण्यास तर बंदीच होती. याउलट, क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना असला की हाच 'बिघडलेला' प्रेक्षक स्वतःचा संच सोडून चौकातल्या पडद्यापुढे उभा राहतो, आणि षटक संपेपर्यंत वाहिनी बदलण्याचे कोणी नाव काढत नाही.