वाऱ्याविरुद्ध शिडाचे नौकानयन

वाऱ्याविरुद्ध शिडाचे नौकानयन म्हणजे वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेकडे शिडाच्या बळावर नागमोडी मार्गाने पुढे जाणे होय. कोणतीही शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या क्रूझिंग नौका या बाबतीत शर्यतीच्या नौकांपेक्षा उण्या पडतात. किनाऱ्याकडे जोराचा वारा वाहत असताना इंजिन बंद पडले, तर नौका खडकांपासून दूर नेणे याच क्षमतेवर अवलंबून असते.

तत्त्व

शिडावर निर्माण होणारे बल नौकेला पुढे आणि त्याहून अधिक बाजूला ढकलते. तळाखालची कील या बाजूच्या ढकलीला विरोध करते. क्रूझिंग नौका साधारणतः वाऱ्याशी ४५ ते ५० अंशांचा कोन करून जाते. ठरावीक अंतरावर नाळ वाऱ्यातून फिरवून ती दुसऱ्या बाजूस वळवतात; यास 'टॅक करणे' म्हणतात.

केवळ कोन लहान केल्याने प्रगती वाढत नाही. ४५ अंशांवर ५ नॉट वेगाने जाणारी नौका वाऱ्याच्या दिशेने सुमारे ३.५ नॉट सरकते; तीच ५० अंशांवर ६ नॉट वेगाने गेल्यास सुमारे ३.९ नॉट सरकते. शिवाय वेग घटल्यास कीलचा विरोधही कमी होतो आणि नौका बाजूला वाहते.

क्षमता वाढवण्याचे उपाय

* तळ: शेवाळ व बार्नेकल यांमुळे वेग घटतो, म्हणून तळ स्वच्छ ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. स्थिर पंखाऐवजी मिटणारा पंखा बसवल्यास पाण्याचा अडथळा कमी होतो.
* शिडे: जुने कापड ताणले जाऊन शिडाचा फुगवटा वाढतो व मागे सरकतो. अशा शिडाने नौका पुढे जाण्याऐवजी अधिक कलते.
* तारा: डोलकाठीला पुढून धरणारी तार सैल असल्यास पुढील शीड फुगते. मागील तार ताणून हा दोष कमी करता येतो.
* कल: नौका फार कलल्यास ती वाऱ्याकडे वळू पाहते आणि ते रोखण्यासाठी वळवलेले सुकाणू वेग खाते. अशा वेळी शीड आखडल्याने नौका बहुधा मंदावत नाही.
* वजन: नांगराची साखळी व जड सामान टोकांकडून मध्यभागी हलवल्यास लाटांवरील हेलकावे कमी होतात.

शिडावर चिकटवलेले लोकरीचे धागे दोन्ही बाजूंना सपाट वाहत असतील, तर शीड योग्य ताणले आहे असे समजतात.

महाराष्ट्र व गोवा

कोकणच्या पारंपरिक गलबतांना लांब, तिरप्या काठीवर बांधलेले शीड असे. वळताना ही काठी डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूस न्यावी लागत असल्याने अशी जहाजे बहुधा पाठीवर वारा घेऊन वळवत. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे किनाऱ्याकडे वाहतात. त्या काळात जहाजे किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात लोटत.

पुण्याजवळील खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांना जलाशयावरील पीकॉक बे येथे नौकानयन शिकवले जाते. डोंगरांनी वेढलेल्या जलाशयात वाऱ्याची दिशा वारंवार पालटते. नवी दिशा प्रतिकूल ठरताच टॅक करण्याची सवय समुद्रावरही उपयोगी पडते.

गोव्यात बांधलेली 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून मे २०१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. दक्षिण महासागरातील पश्चिमी वारे पाठीशी मिळावेत म्हणून असे प्रवास पूर्वेकडे करतात. मात्र मुंबईहून ऑस्ट्रेलियाकडे जाताना विषुववृत्तापलीकडे आग्नेय व्यापारी वाऱ्यांना तोंड द्यावे लागते. त्यामुळे मार्ग काळजीपूर्वक आखूनही वाऱ्याविरुद्ध जाण्याची क्षमता आवश्यक ठरते.