क्ष-किरण केशपातन

क्ष-किरण केशपातन : क्ष-किरणांच्या मोजलेल्या मात्रेने त्वचेवरील केस मुळापासून गळावेत यासाठी योजलेली चिकित्सापद्धती. १८९६ पासून सु. १९६० पर्यंत ती यूरोप, अमेरिका व इतर अनेक देशांत प्रचारात होती. डोक्याच्या कवकजन्य विकारावर, म्हणजेच डोक्यातील गजकर्णावर किंवा नायट्यावर, औषधोपचार म्हणून आणि चेहऱ्यावरील नको असलेले केस काढण्यासाठी सौंदर्योपचार म्हणून, अशा दोन हेतूंनी ती वापरली जाई. आज ती पूर्णपणे कालबाह्य झाली आहे. तथापि त्वचारोगचिकित्सेच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान आहे. या उपचाराचा लाभ तीन आठवड्यांत डोळ्यांना दिसे. त्याचे गंभीर उपद्रव मात्र वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होत. एखादा उपचार निर्धोक आहे, हे किती काळाच्या निरीक्षणानंतर म्हणता येते, या प्रश्नाचा वैद्यकाला या पद्धतीमुळे नव्याने विचार करावा लागला.

प्रारंभ : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन (१८४५–१९२३) या जर्मन भौतिकीविज्ञांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये वुर्ट्‌सबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन डॅनियल यांनी एका सहकाऱ्याच्या डोक्याचे छायाचित्र घेण्याचा प्रयोग केला. त्यानंतर २१ दिवसांनी किरण पडलेल्या जागेचे केस गळून गेले. अशा आकस्मिक निरीक्षणांवरून या किरणांचा चिकित्सेसाठी उपयोग करण्याची कल्पना व्हिएन्ना येथील लेओपोल्ट फ्रॉइंट (१८६८–१९४३) यांना सुचली. १८९६ च्या अखेरीस त्यांनी पाठीवर मोठा केसाळ तीळ असलेल्या सु. पाच वर्षांच्या मुलीवर अनेक दिवस किरणांचा मारा केला. केस गळाले, पण काही काळाने त्या जागी खोल व चिवट व्रण झाला. या रुग्णेची हकीकत सु. ७० वर्षांनंतर, १९६६ मध्ये, पुन्हा प्रसिद्ध झाली. तोपर्यंत ती वृद्ध झाली होती. पाठीवर व्रणाचे कायमचे वण होते आणि कण्याच्या हाडांची झीज झालेली होती. क्ष-किरण चिकित्सेचा पहिला लाभ आणि पहिला दीर्घकालीन उपद्रव अशा रीतीने एकाच व्यक्तीच्या शरीरावर नोंदले गेले.

आरंभी केस गळण्याचे कारण नलिकेभोवतालचे विद्युत् विसर्जन असावे, असे कित्येकांना वाटे. १९०० मध्ये रोबेर्ट कीनब्यक (१८७१–१९५३) यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, की हा परिणाम खुद्द क्ष-किरणांचाच आहे. केसाच्या मुळाशी असलेल्या कोशिकांचे विभाजन सतत व जलद चालू असते आणि विभाजन पावणाऱ्या कोशिकांना प्रारणामुळे अधिक इजा होते. त्यामुळे केसाची वाढ थांबते व तो सु. तीन आठवड्यांत सुटून येतो. मात्रा बेताची असल्यास दोन-तीन महिन्यांत नवे केस उगवतात. ती जास्त झाल्यास टक्कल कायम राहते.

मात्रामापन : ही मात्रा मोजावी कशी, ही या क्षेत्रातील पहिली मोठी अडचण होती. प्रारंभीचे चिकित्सक त्वचेलाच मापक मानीत. त्वचा लाल होण्यास जेवढा काळ लागे तेवढी एक मात्रा, असा हिशेब असे. १९०२ मध्ये गुइडो होल्ट्‌सक्नेख्ट (१८७२–१९३१) यांनी किरणांमुळे रंग बदलणाऱ्या रासायनिक पदार्थावर आधारित मापक तयार केले. १९०४ मध्ये पॅरिसच्या सँ-ल्वी रुग्णालयातील रेमाँ साबूरो (१८६४–१९३८) व आंरी न्वारे यांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडाच्या लहान चकत्या प्रचारात आणल्या. चकतीचा फिकट हिरवा रंग ठराविक पिवळसर तपकिरी छटेस पोचला, की केस गळण्यापुरती मात्रा मिळाली असे समजत. क्ष-किरणांच्या मात्रेचे आंतरराष्ट्रीय एकक, राँटगेन, १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील परिषदेत स्वीकारण्यात आले. या सर्व प्रगतीमुळे भाजणे, व्रण होणे व कायमचे टक्कल पडणे हे तात्कालिक उपद्रव पुष्कळ कमी झाले. परंतु त्वचा काय किंवा चकती काय, त्या दिवशी किती किरण पडले एवढेच सांगत; पुढे काय होणार ते सांगण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नव्हते. तात्कालिक अपाय टळला म्हणजे उपचार सुरक्षित झाला, हा समज मात्र दृढ झाला.

डोक्यातील गजकर्ण : हा विकार प्राणघातक नसला, तरी अत्यंत सांसर्गिक असून मुख्यतः शाळकरी मुलांना होतो. वरून लावायची मलमे केसाच्या मुळातील कवकापर्यंत पोचत नसत. त्यामुळे उपचार वर्ष-दोन वर्षेही चालत आणि तोवर मुलाला शाळेबाहेर ठेवावे लागे. पॅरिसमध्ये अशा मुलांसाठी रुग्णालयाला जोडून वेगळी शाळा काढावी लागली होती. क्ष-किरणांनी कवक मरत नाही, पण बाधित केसांबरोबर ते निघून जाते व उरलेला संसर्ग मलमाने आटोक्यात येतो. डोक्यावरील पाच बिंदूंवर क्रमाने किरण सोडण्याची पद्धत कीनब्यक व इंग्लंडमधील होरेशिओ अ‍ॅडम्सन यांच्या नावाने ओळखली जाते. १९०९ नंतर ती सर्वत्र प्रमाणभूत मानली गेली. थॅलियमाच्या लवणांनी केस पाडण्याचा पर्यायही काही काळ वापरात होता. पण त्यांच्या विषारीपणामुळे मुले दगावल्याने तो सोडून द्यावा लागला. त्या तुलनेने क्ष-किरण सौम्य भासत. मुले लवकर शाळेत परतत आणि डॉक्टरांना उपचार यशस्वी झाल्याचे प्रत्यक्ष दिसे. या पद्धतीचा प्रसार अज्ञानामुळे किंवा निष्काळजीपणामुळेच झाला, असे म्हणणे म्हणूनच न्याय्य ठरणार नाही.

सौंदर्योपचार : चेहऱ्यावरील केस काढण्याच्या बाबतीत मात्र परिस्थिती वेगळी होती. येथे बरा करावा असा रोग नव्हता आणि केस पुन्हा उगवू नयेत अशी अपेक्षा असल्याने मात्रा वारंवार द्यावी लागे. १९२०–३० या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर आल्बर्ट गायसर यांची ‘ट्रायको’ ही पद्धती अमेरिकेतील अनेक शहरांच्या सौंदर्यगृहांत सुरू झाली. यंत्र चालविणाऱ्यांना वैद्यकीय शिक्षण नसे. उपचार वेदनारहित व पूर्णपणे निर्धोक असल्याची जाहिरात केली जाई. काही वर्षांनी अनेक स्त्रियांच्या चेहऱ्याची त्वचा पातळ व सुरकुतलेली होऊन तीवर रक्तवाहिन्यांची लाल जाळी, काळे-पांढरे डाग व न भरणारे व्रण दिसू लागले. काहींना पुढे त्वचेचा कर्करोग झाला. वैद्यकीय संघटनांच्या विरोधामुळे १९३० च्या सुमारास ‘ट्रायको’ बंद पडली, तरी तशाच प्रकारची यंत्रे पुढेही काही काळ चालू राहिली.

उपद्रवांचे संशोधन : क्ष-किरणांनी कर्करोग होऊ शकतो, हे फार लवकर कळले होते. १९०२ मध्ये हँबर्ग येथे अर्न्स्ट फ्रीबेन यांनी क्ष-किरण नलिकांवर काम करणाऱ्या एका कामगाराच्या हातावरील त्वचा-कर्करोगाचे वर्णन केले. १९०४ मध्ये एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली प्रारणजन्य व्याधीने मरण पावले. होल्ट्‌सक्नेख्ट हेही अशाच व्याधीचे बळी ठरले. या क्षेत्रात प्राण गमावलेल्यांचे स्मारक १९३६ मध्ये हँबर्गमध्ये उभारण्यात आले. त्यावर प्रथम १६९ नावे कोरली होती. हा धोका वारंवार किरण घेणाऱ्या कामगारांना व डॉक्टरांना आहे, एकदाच उपचार घेणाऱ्या रुग्णाला नाही, अशी मात्र समजूत होती.

ही समजूत दोन मोठ्या पाहण्यांमुळे चुकीची ठरली. न्यूयॉर्क येथे १९४०–५९ या काळात किरणोपचार घेतलेल्या दोन हजारांहून अधिक मुलांची तुलना रॉय आल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर उपायांनी बऱ्या केलेल्या मुलांशी केली. किरणोपचार झालेल्यांपैकी गौरवर्णीयांत डोक्याच्या व चेहऱ्याच्या त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण पुढे लक्षणीय वाढलेले दिसले. कृष्णवर्णीयांत तो जवळजवळ आढळला नाही. इझ्राएलमध्ये १९४८ नंतर उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातून आलेल्या स्थलांतरितांच्या हजारो मुलांवर १९६० पर्यंत हा उपचार झाला होता. बारूख मोदान व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अशा सु. ११,००० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत मेंदूतील अर्बुदांचे व अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. याच गटातील १०,८३४ व्यक्तींच्या १९८८ मधील अभ्यासात मेंदूला मिळालेली सरासरी मात्रा सु. १·५ ग्रे इतकी होती आणि मेंदूच्या आवरणावरील अर्बुदांचा धोका सु. साडेनऊ पट आढळला. उपचार न झालेल्या भावंडांशीही तुलना केल्यामुळे कुटुंब व परिस्थिती यांतील भेद हे कारण नाही, हे स्पष्ट झाले. अवटू ग्रंथी किरणांच्या मुख्य झोताबाहेर असूनही, सु. ०·०९ ग्रे एवढ्या अल्प मात्रेने तिच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले होते. उपचाराच्या वेळी मूल जितके लहान, तितका हा धोका अधिक होता. २००५ मधील अभ्यासानुसार मेंदूच्या अर्बुदांचा धोका ३० वर्षांनंतरही कायम होता. बालवयातील अवटू ग्रंथी प्रारणाला किती संवेदनशील असते, हे जगाला समजले त्यात या पाहण्यांचा वाटा मोठा आहे. १९९४ मध्ये इझ्राएलच्या संसदेने बाधितांना नुकसानभरपाई देणारा कायदा केला.

अस्त व पुढील काळ : पेनिसिलियम ग्रिझिओफुल्वम या कवकापासून १९३९ मध्ये वेगळे केलेले ग्रिझिओफुल्विन तोंडाने दिल्यास गजकर्ण बरे होते, हे १९५८ मध्ये जेम्स जेंटल्स यांनी गिनीपिगांवर दाखविले. लवकरच ते माणसातही गुणकारी ठरले आणि क्ष-किरण केशपातनाचे प्रयोजनच संपले. उपद्रवांचा मोठा पुरावा पुढे आला तो त्यानंतर. पद्धती मागे पडली ती धोका कळल्यामुळे नव्हे, तर अधिक सोयीचे औषध मिळाल्यामुळे.

केस काढण्यासाठी आता मुख्यतः लेसर किरण वापरतात. त्यांचा पाया १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी मांडलेल्या तत्त्वावर आहे. केसातील कृष्णरंजक विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून तापतो व त्या उष्णतेने केसाचे मूळ नष्ट होते. हा प्रकाश आयनीकारक नसल्याने क्ष-किरणांचे उपद्रव त्याला लागू होत नाहीत. मात्र सावळ्या त्वचेत रंजकद्रव्य वरच्या थरातही भरपूर असल्यामुळे, भारतीयांसारख्या लोकांत तरंगलांबी व ऊर्जा काळजीपूर्वक न निवडल्यास भाजणे व डाग पडणे असे उपद्रव संभवतात.

क्ष-किरण केशपातनाचे उशिरा दिसणारे परिणाम कळले, ते उपचारकेंद्रांतील जुन्या नोंदी टिकून होत्या म्हणून. ज्यांच्यावर किरण सोडले त्या मुलांची नावे, वये व मात्रा कागदावर राहिल्या नसत्या, तर प्रौढपणी त्यांना झालेल्या अर्बुदांचा संबंध बालपणीच्या नायट्याच्या उपचाराशी जोडणे अशक्य झाले असते. नव्या त्वचोपचारांच्या बाबतीत, विशेषतः निरोगी व्यक्तींवर केवळ सौंदर्यासाठी करावयाच्या उपचारांच्या बाबतीत, रुग्णाची नोंद ठेवणे व दीर्घकाळ पाठपुरावा करणे आवश्यक मानले जाते, त्यामागे हाच अनुभव आहे.